सायलो भरेपर्यंत

पारा मोठा चलाख. चुनखडीतून, कोळशातून तो गुपचूप सिमेंटच्या भट्टीत शिरतो, तापला की वाफ होऊन धुराबरोबर निघतो. वाटेत चुनखडी दळणारी गिरणी चालू असेल, तर धूर तिच्यातून जाताना निवतो आणि पारा धुळीला चिकटून बसतो. ती धूळ फिल्टरच्या पिशव्या अडवतात आणि ती पुन्हा भट्टीतच जाते. पारा आतल्या आत फिरतो, साठतो. गिरणी थांबली, की साठलेला पारा धुराड्यातून मोकळा सुटतो.

म्हणून या कारखान्याची एक रीत होती. धुरातला पारा मोजायला प्रदूषण मंडळाचे मोजणीवाले आले की गिरणी चालू ठेवायची. ते आकडा घेऊन गेले की मग थांबवायची.

या खेपेला मोजणीला बाई आल्या. धुराड्याला यंत्र लावलं. आकडा मर्यादेच्या आत.

"झालं की मग!" मॅनेजर म्हणाले. कामगार त्यांना पाठीमागे राजे म्हणत. "चला, जेवून घ्या."

"डबा आणलाय."

"मग यंत्र काढायला सांगू?"

"असू दे. मी बसते."

फिल्टरच्या पिशव्या झटकणाऱ्या एकाला राजेंनी सगळ्यांदेखत 'दारुडा' म्हणून हाकललं होतं, कारण त्याचे हात थरथरत. तो या बाईंचा दादा, हे राजेंना ठाऊक नव्हतं. दारूला कधी न शिवलेल्या दादाच्या शर्टाची बटणं आता आई लावते. बाईंनी हे नातं ऑफिसात सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, उलट ही मोजणी मागून घेतली. दादाचे हात पाऱ्याने गेले, हे राजेंच्याच तोंडून, सगळ्यांदेखत वदवायचं होतं त्यांना.

गिरणी भट्टीला लागतं त्याहून जास्त दळते. उरलेलं पीठ सायलोत, म्हणजे एका उंच टाकीत साठतं. टाकी भरली की गिरणीला थांबावंच लागतं. बाईंनी डबा सावकाश संपवला आणि पुस्तक उघडलं.

दुपार कलली तेव्हा मुकादम आला. "साहेब, सायलो गळ्याशी आलाय."

"चालू ठेव."

"आणि पीठ काय माझ्या खिशात भरू?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. राजे बाईंकडे वळले. "मॅडम, घरचे वाट बघत असतील."

"बघू देत. सवय आहे त्यांना."

शेवटी गिरणी थांबली. थोड्या वेळाने यंत्रावरचा आकडा चढू लागला आणि मर्यादा कधीच मागे पडली.

"यंत्र बिघडलंय तुमचं," राजे म्हणाले.

"असेल. मग फिल्टरखालची धूळच तपासू. नमुना प्रमुखाने स्वतः भरायचा असतो. ही घ्या बाटली."

"मुकादम, जा रे."

"ते नाही. तुम्ही."

राजेंनी इकडेतिकडे पाहिलं. "मास्क कुठाय?"

"मास्क कुठला, साहेब?" मुकादमाने खिशातला रुमाल पुढे केला. "नुसती धूळ आहे, हे बांधा, असं तुम्हीच सांगत आलात."

पाळी संपलेले कामगार एव्हाना जमले होते. राजे फिल्टरच्या दारापर्यंत गेले. आतून गरम भपका आला, तसे मागे सरले.

"वेड लागलंय का मला? पारा आहे त्यात! मरू की काय?"

"जरा मोठ्याने, साहेब," बाई म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू आलं नाही. आणि त्या पिशव्या झटकणाऱ्याचे हात कशाने गेले, तेही सांगा."

राजेंनी त्यांना आता कुठे नीट पाहिलं. "तुम्ही कोण त्याच्या?"

"बहीण."

"अस्सं! एका फोनवर ही मोजणी रद्द करतो बघा."

"करा की. दुसरं कुणी येईल. गिरणी थांबेपर्यंत बसून राहायचं, हे त्यांना सांगायला आता इतकी माणसं आहेत."

मुकादम मागे वळून ओरडला, "भट्टी बंद करा रे! आत कुणी जायचं नाही."

"कुणाला विचारून?" राजे किंचाळले.

"तुम्हीच तर सांगितलंत, साहेब. आत्ता."