लिलाबाईंचं बोट

ही गोष्ट १९८८ च्या जानेवारीतली. त्या वर्षी जळगावात मेहरूणच्या बोरींना इतका बहर होता की विकणाऱ्या बायका मापावर आणखी दोन मुठी न मागता टाकायच्या. आम्ही तेव्हा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. माझे यजमान रुपचंद एसटीच्या डेपोत कारकून होते. सासूबाई वारल्या तेव्हा माझी नणंद विशाखा नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे पाढे मी घेतले. पुढे ती धुळ्याला वसतिगृहात राहून डी.एड. झाली आणि तिथेच तिचं मन अभिमनवर बसलं. मुलगा आमच्यासारखाच बौद्ध, शिकलेला, दिसायला नीटस. आता फक्त त्याच्या आईवडिलांनी येऊन हो म्हणायचं होतं. रविवारी ते येणार होते.

मी त्या हिवाळ्यात महिला मंडळात आठ दिवसांचा जाम-जेलीचा वर्ग केला होता. शिवाय घरात नवा गोल ओव्हन आला होता, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. पोहे तर सगळेच करतात. मी ठरवलं, बोरांचा जाम करायचा आणि केक मधोमध कापून त्यात तो भरायचा.

बोराचा जाम करणं हे किळसवाणं काम आहे, हे आधीच सांगते. वरून बोर लालसर, टवटवीत, आणि आत बी-भोवती तपकिरी भुसा आणि त्यात पांढरी लठ्ठ अळी वळवळत असते. वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, फळ अख्खं शिजवून चाळणीतून गाळा. त्या बाई पुण्याच्या. त्यांना मेहरूणचं बोर काय माहीत! मी आणि विशाखानं शनिवारी पाच किलो बोरं एकेक फोडून पाहिली. निम्मी फेकली. बोटं चिकट झाली, मान आखडली, आणि अळ्यांनी भरलेली परात पाहून मला दोनदा मळमळलं. पण जे पातेल्यात गेलं ते स्वच्छ होतं. घट्टपणा यावा म्हणून त्यात दोन कच्चे पेरू शिजवून घातले, लिंबू पिळलं. ताटलीवर थेंब टाकून ताटली तिरकी केली, थेंब जागचा हलला नाही. चार बाटल्या भरल्या.

रविवारी अकराच्या गाडीनं मंडळी आली. अभिमन, त्याचे वडील आधारनाना, आणि आई लिलाबाई. नाना मोकळे माणूस. बसल्या बसल्या म्हणाले, "पोरनी पत्रमा लिखं व्हतं, जाम खावाडतीन. कोठे शे जाम?"

विशाखानं केकची ताटली आणि जामची उघडी बाटली पुढे ठेवली. नानांनी बाटली उचलून उजेडात धरली.

"हाई काय शे? जाम त झाडले लागस, बाटलीमा नही!"

आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. नाना धुळ्याहून पेरू खायला आले होते! आम्ही सगळे हसलो. विशाखा म्हणाली, "नाना, झाडाचा जाम पण आहे त्यात. दोन पेरू घातलेत."

"मंग पोरगी खरी बोलस!" नाना खूश झाले. रुपचंदांचा चेहरा उजळला. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात लिलाबाईंनी हात पुढे केला. ताटलीत चमचा होता. त्यांनी तो घेतला नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट त्यांनी सरळ बाटलीत घातलं, पेरापर्यंत. बाहेर काढून चोखलं. आणि तेच चोखलेलं बोट पुन्हा बाटलीत घातलं.

ते बोट मला आज इतक्या वर्षांनंतरही दिसतं. मिश्री घासायचं बोट होतं ते. नखाच्या कडेला काळी रेघ, टोकावर डाग. दुसऱ्यांदा ते बाहेर आलं तेव्हा जामवर मिश्रीचा एक काळा कण आणि लाळेची तार राहिली. सगळ्यांनी पाहिलं. पण ती मुलाची आई होती.

"गोड शे," लिलाबाई म्हणाल्या. मग विशाखाकडे वळून, "बोरं किडकी ऱ्हातस ना वं? दखी लिन्ही व्हतीस का?"

विशाखा खोटं बोलणारी नव्हती. "हो अक्का, एकेक फोडून पाहिलं. निम्मी किडकी निघाली, ती फेकली."

"निम्मी!" लिलाबाईंनी तोंडात होतं ते बशीत थुंकलं. मग पदरानं जीभ पुसली. "नाना, दखा. सून घरमा येवाना पहिलेच सासूले अळ्या खावाडस!"

"अवं, ती फेकी दिन्ह्यात ना," नाना म्हणाले.

"दोन-चार ऱ्हाई गयात व्हतीन त कोनले दिसतीन? हाई असा संसार करी का आम्हना घरमा?"

विशाखा पांढरी पडली. ती अभिमनकडे बघत होती. अभिमन केक खात होता. त्याच केकमध्ये तोच जाम होता, तो दुसरा तुकडा घेत होता, आणि नजर खाली. रुपचंद रुमालानं कपाळ पुसत होते. मला कळलं की आणखी दोन वाक्यांत हे लोक उठतील.

माझ्या आईनं आम्हा बहिणींना एक गोष्ट फार बजावून शिकवली होती: मेलात तरी कोणाचं उष्टं खायचं नाही. तिच्या आईला गावात दारोदारचं उष्टं आणावं लागलं होतं. बाबासाहेबांनंतर आमच्या घरात लेकराचं उष्टंसुद्धा आई स्वतः खायची नाही, कोंबडीला घालायची.

मी ती बाटली उचलली. चमचा घेतला. आणि बरोबर जिथे ते बोट गेलं होतं तिथूनच मोठा चमचाभर जाम काढला, काळ्या कणासकट. म्हणाले, "बघा अक्का, मी खाते. अळी असेल तर माझ्या पोटात जाईल."

आणि खाल्ला. तोंडात तंबाखूची कडवट चव आली. घशापर्यंत सगळं उलटून आलं. मी ते गिळलं, वरून दुसरा चमचा खाल्ला आणि हसले. माझं ते हसू आठवलं की मला लिलाबाईंपेक्षा माझीच जास्त किळस येते.

लिलाबाई वरमल्या. नाना म्हणाले, "झाय आते! चांगली मानसं शेतस, सोयरीक पक्की समजा." रुपचंदांनी हात जोडले. निघताना लिलाबाईंनी सीलबंद तीनही बाटल्या आपल्या पिशवीत घातल्या. अळ्यांचा जाम! "नातवंडले व्हतीन," म्हणाल्या. नातवंडं थोरल्या मुलीची.

ते रस्त्याला लागले तशी मी मोरीत जाऊन ओकले. विशाखा माझी पाठ चोळत होती. मला वाटलं ती आनंदानं रडतेय.

"वहिनी, मी नाही म्हणून कळवणार."

"वेडी झालीस का गं? जमलंय आता."

"तुम्ही ते खाल्लंत, आणि त्याला दिसत होतं. त्यानं नुसतं 'आई, चमचा घे' म्हणायचं होतं. एवढंच."

"पोरं आईसमोर बोलत नाहीत विशा. पुढे बोलेल."

"पुढे त्या बोटाचं मी खायचं का?"

मी चिडले. म्हणाले, "मग मी उष्टं कशासाठी गिळलं गं? तुझ्यासाठीच ना?"

"म्हणूनच तर नाही म्हणते," ती म्हणाली, आणि मोरीत पाणी ओतायला लागली.

रुपचंदांनी आठ दिवस तिच्याशी अबोला धरला. तिनं स्वतः पत्र लिहिलं, आंतर्देशीय, चार ओळींचं. अभिमनचं उलट टपाली काही आलं नाही. त्याचीसुद्धा मला किळस आली.

आधारनाना त्यानंतर दोन वर्षांनी गेले. माणूस भला होता, घरात त्यांचं चालत नसे. लिलाबाई नव्वदीपर्यंत जगल्या. शेवटी दोन सुनांनी त्यांची चूल वेगळी मांडून दिली होती म्हणे. मला दया आली असं मी खोटं लिहिणार नाही. अभिमन साक्रीकडे मुख्याध्यापक झाला. एकदा धुळ्याच्या स्टँडवर भेटला, टक्कल पडलेलं, वहिनी म्हणून वाकला, आणि विशाखाचं नाव मात्र काढलं नाही. रुपचंद २०११ साली गेले. बहिणीवरचा राग त्यांनी कधीच सोडला होता, पण चूक झाली असं काही म्हणाले नाहीत. मी जळगावलाच आहे, धाकट्या मुलाकडे.

विशाखाला मुक्ताईनगर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. पाच वर्षांनी तिनं लोटनशी लग्न केलं. तो गुरांच्या दवाखान्यात होता, काळा, बुटका, आणि तोंडानं भलताच फटकळ. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, भरीत झकास आहे, पण भाकरी कच्ची राहिली." रुपचंदांनी मान खाली घातली. विशाखा मात्र इतकी हसली की तिला ठसका लागला.