शंभरातले चाळीस

दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर ज्याचं पोट भरतं, त्याला स्वतःच्या चुका दिसायला जरा वेळच लागतो. आपल्या गोष्टीतले गृहस्थ छापखान्यात मुद्रितशोधक होते. सव्वीस वर्षं त्यांनी लाल पेनाने लोकांच्या वेलांट्या सरळ केल्या. ओळखीचे लोक त्यांना ‘ऱ्हस्वदीर्घ’ म्हणत. त्यांनाही त्याचा राग नव्हता. म्हणणाऱ्याने ‘ऱ्ह’ नीट उच्चारावा, एवढीच त्यांची अट.

काही वर्षांपूर्वी त्यांनी घरदुरुस्तीसाठी कर्ज काढलं होतं. बँकेने न विचारताच त्या कर्जाला एक विमा चिकटवला आणि त्याचे हप्तेही वसूल केले. पुढे असे विमे गैर ठरले, ग्राहकांचे पैसे परत करा असा निकाल लागला. ती बातमी ऱ्हस्वदीर्घांनीच तपासून छपाईला सोडली. ‘निःपक्षपाती’मधला हरवलेला विसर्ग त्यांना बरोबर सापडला. त्या ग्राहकांत आपणही आहोत, हे मात्र ध्यानात आलं नाही.

ते आलं एका फोनमुळे. भरपाई मिळवून देणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी बोलत होता. आवाज तुपात घोळवलेला.

“साहेब, तुम्ही बोटसुद्धा हलवायचं नाही. पैसे मिळाले तरच आमची फी. नाही मिळाले तर एक छदामही नको.”

दुसऱ्याच दिवशी तो अकरा पानी करार घेऊन घरी आला. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली मारलेली होती. ऱ्हस्वदीर्घांनी सही केली तेव्हा तो म्हणाला, “सही काय सुरेख आहे हो तुमची!” त्या कौतुकात आधीची दहा पानं वाचायची राहून गेली.

त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. हाताचं चाक फिरवून फिरवून तिचं मनगट सुजलं होतं. “पैसे आले की तुला मोटारीचं मशीन,” त्यांनी जाहीर करून टाकलं. तिनेही दुकानात जाऊन किंमत विचारून ठेवली.

मग बोट न हलवण्याचं काम सुरू झालं. कंपनीने कर्जाचे कागद मागितले. ऱ्हस्वदीर्घ माळ्यावर चढले, कागद शोधले आणि दोन दिवस शिंकत राहिले. कंपनीने खात्याचा उतारा मागितला. त्यासाठी बँकेत तीन खेपा झाल्या. शेवटी कंपनीने बँकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा पाठवला. त्यात एकोणीस चुका होत्या आणि ‘विमा’तला ‘वि’ सगळीकडे दीर्घ होता. त्यांना ते सहन होईना. त्यांनी अख्खा अर्ज नव्याने लिहून पाठवला.

त्या रविवारी त्यांची थोरली बहीण आली. ताई पोस्टात रजिस्टरच्या खिडकीवर बसून निवृत्त झाली होती. कागद पाहिला की तिचा हात आपोआप चष्म्याकडे जायचा.

“कागद कोणी आणले?” तिने विचारलं.

“मी.”

“अर्ज?”

“मीच लिहिला. त्यांचा वाचवत नव्हता.”

“मग कंपनीने काय केलं?”

ऱ्हस्वदीर्घांनी बराच विचार केला. “पाकीट त्यांचं आहे.”

ताईने करार उघडला. सातव्या पानावर ती थांबली. “मिळालेल्या रकमेच्या शंभरातले चाळीस यांचे. त्यावर कर वेगळा. शिवाय फाइल उघडल्याचा आकार. अरे, तुझ्या हातात जेमतेम निम्मे उरतात.”

बायकोने शिवणकाम बाजूला ठेवलं. “निम्म्यात मशीन कसं येईल? बाही शिवायची आणि गळा तसाच सोडायचा का, वन्सं?”

“पण तज्ज्ञ माणसं आहेत ती,” ऱ्हस्वदीर्घ पुटपुटले.

“तज्ज्ञाला मोबदला द्यावा, मी नाही म्हणत नाही,” ताई म्हणाली. “पण आधी काम काय ते बघावं, मग दाम विचारावा. बँकेत तक्रार फुकट घेतात. तिथे नाही ऐकलं तर वर दाद मागायलाही पैसे पडत नाहीत. हे शेजारीण सांगते, बँकेतला कारकूनही सांगतो. फक्त विचारावं लागतं. आणि हे बघ, सहीपासून चौदा दिवसांत लेखी कळवलं तर करार विनाशुल्क रद्द. सही कधी केलीस?”

उद्या चौदावा दिवस होता!

सकाळी ऱ्हस्वदीर्घ रद्द केल्याचं पत्र घेऊन कंपनीत पोचले. चपलांच्या दुकानावरची एक खोली. खुर्च्यांवर सात-आठ माणसं ताटकळत बसलेली. प्रतिनिधीचा आवाज आज कोरडा होता.

“एकट्याचा अर्ज बँक केराच्या टोपलीत टाकते, साहेब.”

ऱ्हस्वदीर्घांना मनगटाला पट्टी बांधलेली बायको आठवली. ते म्हणाले, “अर्ज मीच लिहिलाय. तुमच्या पाकिटातून गेला तरी तोच जाणार. पोच द्या.”

“शिक्का सापडत नाहीये.”

“शोधा. मी बसतो.”

शेजारी एक लिफ्टमन बसला होता. त्याच्या हातात तसलाच करार होता. “यात काय लिहिलंय हो?” त्याने हळूच विचारलं. “चष्मा लावूनही दिसत नाही.”

ऱ्हस्वदीर्घांनी सातवं पान मोठ्याने वाचायला घेतलं. छापखान्यात वाचतात तसं, विरामचिन्हांसकट. “एकूण रकमेच्या चाळीस टक्के, स्वल्पविराम, अधिक कर, स्वल्पविराम, अधिक फाइल आकार, पूर्णविराम.” पहिल्या स्वल्पविरामाला खोली गप्प झाली. दुसऱ्याला एक बाई उठून उभी राहिली. पूर्णविरामापर्यंत शिक्का सापडला होता.

ऱ्हस्वदीर्घांनी अर्ज स्वतः बँकेत दिला. बँकेने एकदा ‘कागद अपुरे’ म्हणून कळवलं; त्यांनी तेच कागद यादी जोडून पुन्हा दिले. नवव्या आठवड्यात पूर्ण रक्कम जमा झाली आणि घरात मोटारीचं मशीन आलं.

मग लिफ्टमन घरी आला. त्याची मुदत उलटली नव्हती; करार रद्द करून त्याचा अर्ज झाला. पाठोपाठ ती उभी राहिलेली बाई आली. ती इस्पितळात चादरी धुवायची. तिचे चौदा दिवस केव्हाच उलटून गेले होते. ताईने करार उलटसुलट पाहिला, पण त्यात पळवाट नव्हती.

“माझे चाळीस गेले ते गेले,” बाई म्हणाली. “धाकट्या बहिणीलाही त्यांचा फोन आलाय. तिचा अर्ज कसा करायचा ते मला शिकवा.”

ऱ्हस्वदीर्घांनी कागद तिच्यापुढे सरकवला. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. दोन वेलांट्या चुकल्या, त्या त्यांनी तशाच राहू दिल्या.

वाचकहो, मदत विकत घ्यायला हरकत नाही. भाव न विचारता घेण्यात मात्र नुकसान आहे. आपल्या हक्काचे पैसे मागायला दर वेळी मध्यस्थ लागतोच असं नाही. पुष्कळदा एक साधा अर्ज आणि तासभर शांतपणे वाचायची तयारी पुरते. आणि हे ज्याला कळलं, त्याने ते आणखी एकाला तरी सांगावं. धुणाऱ्या बाईच्या बहिणीला पूर्ण रक्कम मिळाली, ती कुणीतरी वेळेवर सांगितलं म्हणूनच.