वजा तीन अग्राह्य

नगरच्या त्या शाळेत बीजगणित नृसिंह मास्तरांकडे होतं. उत्तर उणे आलं की पुढे 'अग्राह्य' लिहून ते खोडायचं, यात ते कुणाची गय करत नसत. त्यांची उदाहरणं वाफ्यांची, नाहीतर बापलेकांच्या वयांची. वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा एक हात जास्त, क्षेत्रफळ बारा चौरस हात, तर लांबी किती? क्ष² − क्ष − १२ = ०. अवयव पाडायचे, चार आणि वजा तीन ही मुळं काढायची, आणि वजा तीन खोडायचं. कुणी विसरलाच तर मास्तर विचारत, "काय जहागीरदार, वजा तीन हातांच्या वाफ्यात मेथी लावणार की कांदे?" वर्ग हसे. मास्तर हसत नसत. गेल्या चैत्रात त्यांची बायको अंबिकाबाई वारल्या, तेव्हापासून ते विनोदही हजेरी घेतल्यासारखा करत.

चव्वेचाळीस सालच्या पूर्वपरीक्षेत त्यांनी तेच समीकरण घातलं, फक्त वाफा काढून टाकला. 'समीकरण सोडवा', एवढंच. निम्म्या वर्गानं सवयीनं वजा तीन खोडलं. मास्तरांनी प्रत्येकाचे तीन गुण कापले. पोरांचं काही अडलं नाही. वर्गातल्या एकुलत्या एक मुलीला, जहिराला, बत्तीस पडले. पस्तिसाच्या आत असलेल्याचा मॅट्रिकचा फॉर्म शाळा पाठवत नसे. शाळेला मुलांपेक्षा निकालाची टक्केवारी प्यारी.

दुसऱ्या दिवशी जहिराचा बाप नूरमहंमद शाळेत आला. कापडबाजारातला शिंपी, गळ्यातली टेप काढायचंही भान नव्हतं. मागे पेपर घेऊन जहिरा. राहुरीचं स्थळ त्यानं वर्षभर थोपवून धरलं होतं. फॉर्म गेला तर परीक्षेपर्यंत थांबायचं, नाही गेला तर निकाह, असं घरात ठरलं होतं.

"मास्तरसाहेब, पोरगी म्हनते, खोडायला तुमीच शिकवलं."

"वाफा असला तर, नूरमहंमदभाई. इथं वाफा कुठाय?"

"मी कारागिराकडून वर्षभर उलटी शिलाई घालून घेतली, आन् एक दिवस म्हनलं, सुलटी का न्हाई घातली? चूक कुनाची?"

मास्तरांनी ते ऐकलं न ऐकलं केलं. "जहिरा, क्षच्या जागी वजा तीन घालून पडताळा पाहिलास?"

"पाहिला. नऊ अधिक तीन वजा बारा. शून्य आलं."

"म्हणजे बरोबर आहे हे कळलं होतं तुला."

"हो."

"तरी खोडलंस?"

"तुम्ही खोडता म्हणून."

मास्तरांनी लाल पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "कुणी शिकवलं, हे मॅट्रिकचा परीक्षक विचारत नाही."

"तो न्हाई विचारत. तुमी?"

"तिचे वाढवले तर सगळ्यांचे वाढवावे लागतील."

"वाढवा की."

"मग हेडमास्तर विचारतील, का वाढवले."

"मंग सांगा की."

घंटा झाली. मास्तरांनी खडू उचलला. "तास आहे माझा," ते म्हणाले.

नूरमहंमद दाराकडे वळला. मास्तर खाली बघून खडूची धूळ झटकत होते. "चल गं," तो म्हणाला. जहिरानं पेपर टेबलावरच ठेवला. ती रडली वगैरे नाही. फाटकापाशी तिनं विचारलं, "अब्बा, राहुरीला शाळा हाय?"

"हाय. पोरांची."

वर्गात मास्तरांनी फळ्यावर तेच समीकरण लिहिलं. खाली दोन्ही मुळं लिहिली. "नुसतं समीकरण असलं की दोन्ही ग्राह्य. वाफा असला तरच विचार करायचा. लिहून घ्या."

मागच्या बाकावरून काकासाहेब उठला. "मास्तर, मग आमचे तीन गुण?"

"तुला एकसष्ट आहेत. खाली बस."

तो बसला. सगळ्यांनी लिहून घेतलं. मास्तरांनी फळा पुसला आणि पुढचं उदाहरण घातलं. एका टाकीला दोन नळ होते.