हनुवटीपर्यंत चेन

लीना गेली तेव्हा अंत्यविधीला मोजक्याच माणसांना परवानगी होती. तेवढीही जमली नाहीत. पुण्याहून कुणी येणं शक्यच नव्हतं, विमानं बंद होती.

आमची मुलगी उर्वी तेव्हा बारा वर्षांची. ती चिअरलीडिंग करायची, स्पर्धांमधलं. इथे परदेशात तो कसरतीचा खेळ आहे. उड्या, कोलांट्या, एकमेकींना उचलणं. उर्वी टीममध्ये सगळ्यात हलकी, म्हणून ती फ्लायर, म्हणजे बाकीच्या जिला वर उचलून धरतात ती. पोशाख जांभळा, चमकीचा. पोट उघडं, स्कर्ट तोकडा. म्हणून जिमचा नियम होता की बाहेर फिरताना वरून काळं जॅकेट आणि ट्रॅकपँट घालायची. हे सगळं लीना बघायची. ते कपडे कायम गाडीच्या मागच्या सीटवर असायचे.

मी एकदा म्हणालो होतो, "बरं आहे, झाकलं जातं."

"झाकायला नाही रे," लीना म्हणाली. "मॅटवर गेल्यावर काढायचं म्हणून घालायचं. लग्नातला शालू नेसून कुणी भाजी आणायला जातं का?"

कोविडमुळे जिमने कपडे बदलायची खोली बंद केली. मुलींनी घरून तयार होऊन यायचं, तसंच परत जायचं. पालकांनी गाडीत थांबायचं.

एका शनिवारी पोशाखातली तालीम संपल्यावर तिला जिममधून आणताना मी स्प्रिंगफील्ड लेक्सच्या इंडियन दुकानापाशी थांबलो. दुसऱ्या दिवशी लीनाचं मासिक श्राद्ध होतं आणि घरात काळे तीळ नव्हते. ऊन इतकं होतं की मुलीला बंद गाडीत ठेवणं बरं नव्हतं. मागे पाहिलं तर जॅकेट नव्हतं, ट्रॅकपँटही नव्हती. मीच दोन्ही धुऊन दोरीवर टाकली होती, ती तिथेच राहिली. म्हटलं, चल तशीच, दोन मिनिटांचं काम आहे.

आत मधुवंतीवहिनी होत्या, मंडळाच्या. लीना आजारी असताना त्या न चुकता डबा पाठवायच्या. त्यांना उलट बोलणं मला जमत नाही. त्यांनी उर्वीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, पण तेवढे पुरले.

"काय गं, फॅन्सी ड्रेस का?"

"नो आंटी, चिअर."

"अगं, आई जाऊन वर्ष नाही झालं. एवढी चमकी?" मग माझ्याकडे वळून त्या हळू बोलल्या, पण तिला ऐकू जाईल असं. "भावजी, मुलगी मोठी होतेय. आता तुम्हालाच बघायला हवं. लीना असती तर..."

लीना असती तर जॅकेट गाडीत असतं. हे मी बोललो नाही. उर्वीला म्हणालो, "जा, गाडीत बस. सगळे बघतायत."

मी तीळ घेऊन आलो तेव्हा ती दार उघडं ठेवून बसली होती.

"जॅकेट तू विसरलास, बाबा."

"माहितीय."

"मग मला का ओरडलास?"

"ओरडलो नाही. लोक बघतात, उर्वी. यापुढे जॅकेट काढायचं नाही."

"नेव्हर?"

"नाही म्हटलं ना."

"ओके."

त्यानंतर ती घरातसुद्धा जॅकेट घालून बसायची. मला वाटलं, ऐकते आहे.

स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांना बंदी होती. पालक पार्किंगमध्ये, फोनवर थेट प्रक्षेपण बघत. पुण्याहून उर्वीची आजीही बघणार होती. टीमची वेळ जवळ आली तेव्हा कोच ब्रुक माझ्या गाडीपाशी धावत आली. उर्वी जॅकेट काढायला तयार नाही. जॅकेट घालून मॅटवर जाता येत नाही, चेनमध्ये उचलणाऱ्या मुलीचं बोट अडकेल. तूच बोल तिच्याशी.

उर्वी हॉलच्या बाजूच्या दारात उभी होती. डोळ्यांवर चमकी तिने स्वतःच लावली होती, एका डोळ्याला जास्त लागली होती.

"काढ बाळा. इथे चालतं."

"इथे पण लोक बघतात. कॅमेरा आहे. आजी बघतेय."

"ते वेगळं."

"हाऊ?"

शालूची गोष्ट माझ्या तोंडाशी आली. पण लीनाचं नाव घेतलं की मला रडू येतं, आणि उर्वीसमोर मी रडत नाही. मी म्हणालो, "वेगळं आहे, सांगितलं ना."

तिने चेन हनुवटीपर्यंत ओढली. "आईने नीट सांगितलं असतं."

आतून टीमचं नाव पुकारलं. ब्रुक आत गेली.

मी गाडीत येऊन फोन बघितला. संगीत लागलं, मुली पळत आल्या. उर्वीला जिथे वर न्यायचं, तिथे चार मुली हात वर करून थांबल्या. हातांवर कुणी नव्हतं.

आजीचा मेसेज आला, 'उर्वी कुठली? मला दिसली नाही.'

त्यानंतर ती जिमला गेली नाही. मी दोनदा विचारलं, तर म्हणाली, "इट्स फाइन."

पुढच्या महिन्याचं श्राद्ध आलं, आम्ही परत त्याच दुकानात. उन्हाळा होता. जॅकेटची चेन वरपर्यंत लावलेली. कपाळावरचे केस घामाने चिकटलेले.

"आता कशी गुणी दिसतेस!" मधुवंतीवहिनी म्हणाल्या.

"थँक यू, आंटी."

"काढ ते, उकडतंय," मी म्हणालो.

तिने तिळांचं पाकीट उचललं आणि काउंटरकडे गेली.