हिरव्या तोंडाचे महाराज

चाकणच्या देवळामागे, चुना मारलेल्या भिंतीवर, दर गुरुवारी तेजोनाथ महाराज प्रकट होत. खरं तर भिंतीपासून चार हातांवर महाराज सदेह गादीवर बसलेले असत. पण गादीवरचे महाराज कुणाला पुरत नसत. लोकांना भिंतीवरचेच हवे असत.

सन छप्पन्नच्या भाद्रपदातली गोष्ट. महाराजांच्या तसबिरीचा टवका उडाला म्हणून पेंटर चांदभाईंना बोलावणं आलं. दुकानांच्या पाट्या आणि लॉऱ्यांवरची नावं रंगवणं हा त्यांचा धंदा. ही तसबीरही त्यांच्याच हातची. महाराजांनी सांगितलेल्या उफराट्या रंगांतली. तोंड हिरवं, दाढी पांढरी, मागे गडद काळं. महाराजांना रंग कळत नसावेत, अशी तेव्हा त्यांनी आपली समजूत घातली होती.

टवका बुजवून ते गर्दीच्या मागे उभे राहिले.

"तसबिरीच्या टिळ्यावर नजर," महाराज म्हणाले. "पापणी हलली की पुण्य सांडलं. एक्कावन्न वेळा नाम घ्या. हं, आता भिंतीकडे बघा. पापाचा पडदा विरतो आहे."

भिंतीवर गुलाबी तोंडाचे, काळ्या दाढीचे महाराज उमटले. भोवती लख्ख प्रभा. मान वळवावी तिकडे महाराज. बायाबापड्यांनी हात जोडले.

चांदभाईंनाही दिसले. पण दिवसभर लाल अक्षरं रंगवून कोऱ्या पत्र्याकडे पाहिलं, की त्यांना तीच अक्षरं हिरवी दिसत. वीस वर्षं दिसत होती. त्या अक्षरांपुढे त्यांनी कधी नारळ फोडला नव्हता.

"मला काई दिसंना," सत्तरीच्या सुभद्राबाई म्हणाल्या. "नुसती भित हाय."

खोटं बोलल्या असत्या तर सुखात राहिल्या असत्या.

महाराजांनी डोळे मिटले. "अंतःकरणात काजळी असली की दर्शन होत नाही. माई, घरात कुणी आजारी आहे?"

भाद्रपदात कुणाच्या घरी आजारी नसतं? सुभद्राबाईंच्या नातवाला ताप होता. महाराजांचं अंतर्ज्ञान सिद्ध झालं. "पोरावर हिची सावली पडू देऊ नका," ते म्हणाले. मुलगा सोपानराव आज्ञाधारक होता, महाराजांचा. संध्याकाळी आईची वाकळ गोठ्यात गेली.

दोन दिवसांनी चांदभाई त्या वाटेने जात होते. म्हातारी दावणीशी बसली होती. कुणीतरी दुरून सरकवलेलं भाकरीचं ताट चाचपडत होती, आणि हात ताटापासून वीतभर बाजूला पडत होता. चांदभाईंनी ताट जवळ केलं.

"कोन हाय?"

"चांद पेंटर, मावशी."

"लांब ऱ्हा बाबा. माजी सावली वाईट हाय."

चांदभाईंनी वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बाहुल्या दुधाळ झाल्या होत्या. 

घरी त्यांनी बायकोला, ताजुन्निसाला, सगळं सांगितलं. "मी बोललो तर म्हणतील, मुसलमान आमच्या महाराजांवर उठला."

"मग बोलू नका," ताजुन्निसा म्हणाली. "तुम्हाला बोलता तरी कुठं येतं? रंगवा."

पुढच्या शनिवारच्या बाजारात कांद्याच्या वखारीपुढे एक काळी पाटी उभी राहिली. तिच्यावर हातभर हिरवा कांदा, मधोमध एक ठिपका.

"असला कांदा कुठं पिकतो, चांदभाई?" माल घेऊन आलेल्या सोपानरावांनी विचारलं.

"ठिपक्यावर नजर ठेवा अन् एक्कावन्न मोजा. मग वखारीच्या भिंतीकडं बघा."

भोवतालच्या लोकांनीही मोजलं. पांढऱ्या भिंतीवर गुलाबी, टपोरा कांदा प्रकटला, प्रभेसकट. एका हमालाचे हात सवयीने जोडले गेले.

"ह्यो आला कुठनं?" सोपानराव म्हणाले.

"तुमच्या डोळ्यातनं. एकाच रंगाकडं टक लावली की डोळा त्या रंगाला थकतो. मग पांढऱ्यावर बघितलं की उलटा रंग दिसतो. हिरव्याचा गुलाबी, काळ्याचा उजेड. नाम घ्या, न्हाईतर पाढे म्हणा, तेवढ्या वेळात डोळा थकला म्हणजे झालं."

सोपानरावांनी पाटीवरून हात फिरवला. "मग आईला का दिसंना?"

"तिला तसबीरच धड दिसत न्हाई, तर भिंतीवर काय दिसणार? डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पुण्याला डॉक्टर काढतात."

त्या संध्याकाळी वाकळ घरात परत आली. सुभद्राबाई उंबऱ्यात अडखळल्या. "पोरावर सावली पडंल," म्हणाल्या. सोपानरावांना तोंड वर करवेना. त्यांनी पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवलं.

गुरुवारी त्यांनी सगळ्यांदेखत महाराजांची तसबीर उलटी टांगली. नाम झालं, आणि भिंतीवर महाराज डोकं खाली, पाय नसलेले, असे प्रकटले.

"हे आमचं शीर्षासन," महाराज म्हणाले. बुद्धी चपळ होती. मग सोपानरावांनी शेजारी कांद्याची पाटी ठेवली. कांद्याचं आसन कोणतं, ते महाराजांना सुचेना. दुसऱ्या दिवशी ते तळेगावच्या मोटारीने अंतर्धान पावले.

पुढे पुण्यात डॉक्टरांनी सुभद्राबाईंचे मोतीबिंदू काढले. जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांनी पहिल्यांदा नातवाचं तोंड नीट पाहिलं. तो तापातून उठून बराच रोडावला होता.

भिंतीवर जे दिसलं, ते लोकांना खरोखर दिसलं होतं. खोटं होतं ते महाराजांनी सांगितलेलं कारण. डोळे फसतात, शहाण्याचेही फसतात. त्यात लाज नाही. पण दिसलं की लगेच हात जोडायचे, आणि "हे असं का दिसलं?" एवढं कुणी विचारायचं नाही, म्हणून एक म्हातारी नऊ रात्री गुरांत निजली.