छापून आलेले दगड

एक्याऐंशीच्या दिवाळीआधी मोहाडीत रेशनचं रॉकेल यायचं बंद झालं. विणकरांच्या घरांत दिवे लागेनात, संध्याकाळ झाली की माग थांबायचे. शेवटी मोहल्ल्यातल्या बाया रिकामे डबे घेऊन रेशन दुकानावर गेल्या. पुढे लीलाबाई आणि तिची शेजारीण गिरजाबाई.

बाया डबे बडवत होत्या, ओरडत होत्या. दुकानदार घाबरला. त्याने खिडकी आतून इतक्या जोरात आपटली की तावदान निखळून त्याच्याच हातावर पडलं. रक्त पाहून गिरजाबाईच धावली, कोणाकडून तरी हळद आणून तिने त्याच्या हाताला लावली. मग बाया रिकामेच डबे घेऊन घरी आल्या.

दोन दिवसांनी लीलाबाईचा नवरा टेकचंद बाबुलालच्या हॉटेलातून पेपर घेऊन तावातावाने घरी आला.

"तुमी गोटे मारले? मले सांगतलं नाई तून."

तिने पेपर ओढून घेतला. 'मोहाडीत महिलांची दगडफेक. दुकानदार जखमी.'

"कोणं मारले गोटे? काच त्यानंच फोडली. मी खिडकीसमोर उभी होती जी!"

"मंग पेपरवाला खोटं कायले छापीन? त्याची का दुश्मनी हाये तुमच्यासंग?"

लीलाबाई तशीच उठून गिरजाबाईकडे गेली. ती अंगणात तांदूळ निवडत होती.

"गिरजे, तू होती ना माह्या बाजूले? सांग, कोणी गोटा मारला का?"

गिरजाबाईने सूप खाली ठेवलं. "आपण तं नाई मारला. पण मागून कोणी मारला असन तं आपल्याले का दिसते? छापून आलं म्हंजे काई तरी झालंच असन."

"अवं, त्याच्या हाताले हळद तून लावली! तिथं एक तरी गोटा दिसला का तुले?"

"गोटा नाई दिसला," गिरजाबाई म्हणाली. "पण मी सारंच थोडी पायलं, बाई."

लीलाबाईला रडावं की ओरडावं कळेना. नवऱ्याचं एक वेळ ठीक, तो तिथे नव्हता. पण ही तर होती!

दुसऱ्या दिवशी ती एसटीने भंडाऱ्याला गेली. त्या पेपरच्या वार्ताहराचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. माणूस सभ्य होता. बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"तुमी आले होते का मोहाडीले?" तिने विचारलं.

"नाही हो बाई. एवढी गावं, मी कुठं कुठं जाणार? दुकानदार स्वतः पट्टी बांधून आले होते. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

"अन् आमाले काहून नाई इचारलं?"

"तुम्हाला कुठं शोधायचं?"

"दुकानासमोरच तं रायतो आमी."

त्याने समोरची वही पुढे ओढली. मग म्हणाला, "बरं, खुलासा छापून टाकतो."

खुलासा छापून आला. आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात. 'दगडफेक केली नसल्याचा महिलांचा दावा.' दुकानदाराने सांगितलं ती बातमी आणि बायांनी सांगितलं तो दावा. रॉकेल हा शब्द पहिल्या बातमीत नव्हता, यातही नव्हता. बाबुलालच्या हॉटेलात तर लोक हसले. "आता नाई म्हणून राहिल्या, म्हंजे मारलेच असतीन."

त्यानंतर लीलाबाईला सवयच लागली. टेकचंद मोठ्याने पेपर वाचायला लागला की ती मागाजवळून विचारायची, "हे कोणं पायलं? दुसऱ्याले इचारलं का?" तो वैतागून जायचा.

एका सकाळी त्याने वाचलं, 'कारध्यात मजुरांची कंत्राटदाराला मारहाण.' "पाय, कसे माजले हे लोक," तो म्हणाला.

"तुमी होते का तिथं?"

टेकचंदने पेपर खाटेवर भिरकावला. "मी आता पेपर वाचू का नाई वाचू, एकदाचं सांगून दे!"

ती पुन्हा मागाकडे वळली.

पुढच्या आठवड्यात तो लुगडी घेऊन भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याकडे गेला आणि शेवटच्या एसटीने परतला. पाय धुवून बसल्यावर आपणहून म्हणाला, "तिथून नदीचा पूल ओलांडून कारध्याले गेलतो."

"मंग?"

"धक्काबुक्की झाली म्हणतेत. खोटं नाई ते. पण पयला हात कंत्राटदारानं उचलला, एका बाईवर. दोघातिघांनी तेच सांगतलं. ते पेपरात नाई."

लीलाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. पण त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं.

"आख्खा दिवस गेला माहा," तो चिडूनच म्हणाला. "एका बातमीसाठी! रोज रोज कोण जाईन? अन् जे कारध्याले नाई गेले, ते काय समजतीन?"

तिने त्याला ताट वाढलं आणि त्या दिवशीचा पेपर उचलला. त्यात नागपूरची बातमी होती, मुंबईची होती, पहिल्या पानावर दिल्लीची होती. तिथे जाऊन विचारायला त्यांचं कोणीच नव्हतं.