खालच्या मजल्याचा कागद

नातीला पायांवर उताणी घेऊन बेबीनंदानं तेलाचा हात खांद्यावरून खाली नेला आणि तिथंच थांबवला. पोरीचा उजवा हात मूठ वळून हवेत झटके देत होता. डावा मात्र अंगाला लागून निपचित पडला होता, तळवा मागं वळलेला. उचलून सोडला की तसाच खाली यायचा.

एमआयडीसीमागच्या वस्तीपासून ते जालन्यातल्या नव्या कॉलनीतल्या बंगल्यांपर्यंत बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालण्यात बेबीनंदाची वीस वर्षं गेली होती. असा हात तिनं आधी दोनदा पाहिला होता. दोन्ही लेकरं वस्तीतली, आणि दोन्ही त्याच दवाखान्यात जन्मलेली, जिथं आता तिची सून संध्या बाळंत झाली होती.

दवाखाना एकच, पण मजले दोन. वर पैसे भरणाऱ्यांच्या खोल्या, खाली सरकारी योजनेतल्या बायांच्या खाटा. कॉलनीतल्या उमाताईंची सून अंतरा वर होती; तिच्या बाळाला आता बेबीनंदाच न्हाऊ घालायची. बाळ वजनदार आहे असं सोनोग्राफीत दिसलं, तसं डॉक्टरीणबाईंनी आठ दिवस आधीच सिझर ठरवून टाकलं. संध्याचं बाळही वजनदारच होतं. पण खाली कुणी काही ठरवलं नाही. डोकं बाहेर आलं, खांदा अडकला. आया पोटावर कोपरं रोवून दाबत होती, प्रीती सिस्टर ओढत होती. "मॅडमला बोलवा की!" असं आया ओरडलेली बेबीनंदानं दाराबाहेरून ऐकलं होतं. मॅडम वरच्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये होत्या.

नातीला घेऊन सासू-सुना लहान मुलांच्या डॉक्टरकडं गेल्या. "खांद्याजवळची नस ताणलीय," ते म्हणाले. "संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात न्या, आणि लवकर न्या. पहिले तीन महिने फार मोलाचे असतात." उपचार योजनेतून हवे असतील तर जिथं बाळंतपण झालं तिथली चिठ्ठी लागेल, असंही त्यांनी सांगितलं. संध्याचा नवरा मिथुन सळयांच्या मिलमध्ये पाळीवर होता. म्हणून दोघीच दवाखान्यात मॅनेजरपुढं जाऊन बसल्या.

मॅनेजर काकासाहेबांनी कार्ड पुढं सरकवलं. "मावशी, घरी जाताना बाळ बिलकुल ठीक व्हतं. हे बघा, लिव्हलंय. खाली सही तुमच्याच सुनेची हाये."

"तवा दुपट्यात गुंडाळून दिल्तं साहेब. खोलून कुणी दाखवलं?"

"मी सिस्टरला म्हणल्ते," संध्या म्हणाली, "हात हालत न्हाई म्हणून. त्या म्हणल्या, गुंडाळल्यानं आखडलाय."

"मालिश कोण करतं?"

"मीच करते," बेबीनंदा म्हणाली.

"मंग!" काकासाहेब हसले. "पोरगा मिलमधी सळया वढून राह्यला, अन् आई घरी लेकरं!"

संध्यानं मान खाली घातली. काकासाहेबांनी खणातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. बेबीनंदा विहारातल्या वर्गात वाचायला शिकली होती. बोट ठेवत ठेवत तिनं वाचलं. बाळाला घरी मालिश करताना हाताला इजा झाली. दवाखान्याबद्दल आमची काही तक्रार नाही. मजकूर छापील होता. फक्त नावापुरती आणि तारखेपुरती जागा कोरी. उघड्या खणात तसल्या कागदांची जाड चळत होती.

"साहेब, हे छापूनच ठेवलंय व्हय?"

"जल्दी काम व्हतं ना मावशी."

"वरच्या मजल्यावर बी ठेवता का?"

काकासाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "वर लागत न्हाई."

त्या दोन लेकरांच्या घरून नंतर कधीच बोलावणं आलं नव्हतं. एकीची आजी तर भाजीबाजारात समोरून येताना रस्ता बदलून गेली होती. का, ते बेबीनंदाला आत्ता कळलं. त्यांच्यापुढंही हाच मालिशचा कागद ठेवला असणार.

"सही न्हाई केली तर?"

"तर तक्रार करा. चौकशी व्हईल, वरीसभर चालंल. तवर चिठ्ठी देता येत न्हाई. आन् तिथं जाऊन येगळं काही बोललात, तर दिलेली चिठ्ठी बी रद्द."

रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढं हात जोडून ती पंचशील घ्यायची. आजही घेतलं होतं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिनं संध्याच्या मांडीवरच्या पोरीकडं पाहिलं. पोरीचं वय अवघं तेवीस दिवस.

"आत्या, नका करू," संध्या पुटपुटली. "तुमचं नाव जाईल."

"तू पोरीला घेऊन भाईर बस माय."

तिनं एकेक अक्षर नीट काढत सही केली. चिठ्ठी घेऊन प्रीती सिस्टरच आली. ती टेबलावर ठेवून वर न बघताच गेली.

दोन दिवसांत उमाताईंचा फोन आला. आवाज गोडच होता. "बेबीबाई, आता ऊन फार, तुम्ही येऊ नका. बाळाला मीच घालेन पाणी."

"बरं ताई," बेबीनंदा म्हणाली.

संभाजीनगरला व्यायाम शिकवणाऱ्या भावना मॅडम वयानं लहान, पण कामात बारीक नजरेच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, बाळाचा हात कोपरातून अलगद फिरवला आणि पुन्हा चिठ्ठी वाचली.

"मालिशनं सहसा असं होत नाही. आजी, बाळंतपणात खांदा अडकला होता का? ओढलं होतं का कुणी?"

संध्यानं झटकन वर पाहिलं. तिचे ओठ हलले. बेबीनंदानं तिचा दंड घट्ट दाबला.

"न्हाई मॅडम. माझ्याच हातानं झालं."

मॅडम तिच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. मग त्यांनी रजिस्टर ओढलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: घरी मालिश.

"मग आजपासून बाळाला तुम्ही हात लावायचा नाही. व्यायाम फक्त आई करेल. दिवसातून चार वेळा, सहा महिने."

त्यांनी एकदा करून दाखवलं. संध्यानं पोरीचं मनगट धरलं आणि वर उचललं. पोरगी किंचाळली.

"मनगट नको गं," बेबीनंदाच्या तोंडून निघून गेलं. "पहिलं खांद्याला आधार दे, मंग कोपर..." तिचे हात पुढं गेले होते.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

बेबीनंदा उठली.